चार संगणकांचे कार्यालय आणि सव्वीस हजारांचा बंदोबस्त

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून सळईची पंचवीस टनांची गाडी निघते तेव्हा तिच्यासोबत बिल असते, ई-वे बिल असते, वजनकाट्याची पावती असते. फाटकावरचा रखवालदार ती पावती उलटसुलट करून पाहतो आणि मगच आडवा दांडा वर करतो. किलोला अठ्ठेचाळीस रुपये भाव धरला तर त्या गाडीत बारा लाखांचा माल आहे. पण हेच बारा लाख नवीन जालन्यातल्या एखाद्या पेढीवरून आरटीजीएसने सुटतात, तेव्हा ते नक्की कुणाच्या खात्यात चालले आहेत हे दुसऱ्यांदा पाहणारा माणूस बहुतेक ठिकाणी नसतो. लोखंडाला पहारा आहे, पैशाला नाही.

जालन्यातल्या व्यापाऱ्याला आणि कारखानदाराला संगणकी चोरीपासून वाचायला खर्च किती येतो, आणि तो कुठल्या क्रमाने करावा, याचा हा हिशेब आहे. क्रम महत्त्वाचा. विक्रेता आधी सत्तर हजारांचे यंत्र विकायला बसतो आणि ज्यात खरा बचाव आहे ती सात हजारांची डिस्क राहून जाते. इथले दर अंदाजी आहेत. खरेदीपूर्वी दोन ठिकाणचे कोटेशन घ्या आणि जीएसटी आत धरला आहे की वर लागणार, हे लिहून घ्या.

पहिला बंदोबस्त फुकटाचा

सगळ्यांत जास्त पैसा जातो तो कुणी संगणक फोडल्यामुळे नाही. आपणच आपल्या हाताने तो चुकीच्या खात्यात पाठवतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे उदाहरण आठवा. सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या एका संचालकांना व्हॉट्सॲपवर निरोप आला, पाठवणारा स्वतःला अदर पूनावाला म्हणवत होता. अमुक खात्यांत लगेच पैसे भरा, एवढाच मजकूर. एक कोटी एक लाखाहून अधिक रक्कम गेली. जगाला लस पुरवणाऱ्या कंपनीत हे घडू शकते, तर चार माणसांच्या पेढीवर शेठचा फोटो लावलेल्या नंबरावरून आलेला निरोप मुनीमजी खरा मानणार, यात नवल नाही. फोटो आणि नाव कुणालाही लावता येते.

दुसरा प्रकार भंगार, कोळसा, बियाणे, मोसंबी अशा सगळ्याच धंद्यांत चालतो. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने मेल येतो: आमचे ऑडिट चालू आहे, यापुढे पैसे या नव्या खात्यात टाका. मेलचा पत्ता एका अक्षराने वेगळा असतो. कधी तर तोही खराच असतो, कारण पुरवठादाराचाच मेल आधी कुणाच्या तरी ताब्यात गेलेला असतो. अशा वेळी मेल कितीही निरखून पाहिला तरी काही कळत नाही.

यावर उपाय एकच. खाते बदलल्याचा निरोप आला की आपल्या जुन्या वहीतल्या नंबरावर फोन करायचा आणि माणसाचा आवाज ऐकून खातरजमा करायची. मेलमध्ये दिलेल्या नंबरावर फोन करायचा नाही. खर्च शून्य. हा नियम भिंतीवर चिकटवा, आणि शेठने स्वतः फोनवर घाई केली तरी मुनीमजींनी तो मोडायचा नाही, हे शेठनेच सगळ्यांसमोर सांगा. शेठला विचारायला कारकून घाबरतो, आणि चोर नेमका त्या भीतीवर जगतो.

आता बँकेची बाजू. आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावरून. आपण लिहिलेले नाव जुळले नाही म्हणून व्यवहार अडत नाही. ही फट बुजवायला रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने बँकांना आदेश दिला, की १ एप्रिल २०२५ पर्यंत पैसे पाठवण्यापूर्वी लाभार्थ्याचे खरे नाव दाखवण्याची सोय द्या, तीही मोफत. आपल्या नेट बँकिंगमध्ये ती आहे का, हे आजच उघडून पाहा. पुरवठादाराच्या फर्मऐवजी भलत्याच व्यक्तीचे नाव दिसले, तर तिथेच थांबा.

बँकेकडून आणखी एक गोष्ट मागून घ्या. चालू किंवा कॅश क्रेडिट खात्याच्या नेट बँकिंगला दोन माणसांची मंजुरी लावता येते: एकाने व्यवहार भरायचा, दुसऱ्याने पास करायचा. बँकेत त्याला मेकर-चेकर म्हणतात. अर्ज द्यावा लागतो, शुल्क बहुतेक ठिकाणी नसते. मात्र दोन्ही पासवर्ड आणि दोन्ही ओटीपी एकाच मोबाइलवर ठेवले, तर ही सोय केवळ कागदावर राहते. पासवर्ड वाटून घेण्याने काय होते, याचा दाखला जिल्ह्याबाहेर शोधायला नको. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या अतिवृष्टी अनुदानाचे प्रकरण २०२५ मध्ये गाजले, तेव्हा चौकशीत तहसील पातळीवरच्या लॉगिन आणि पासवर्डच्या गैरवापराचाच मुद्दा पुढे आला. आपल्या पेढीवर जीएसटीचा, ई-वे बिलाचा आणि बँकेचा पासवर्ड किती जणांना पाठ आहे, एकदा मोजून पाहा. नोकरी सोडून गेलेला मुलगाही त्यात धरा.

बँकेच्या नावाने संकेतस्थळ उघडले तर पत्त्याचा शेवट पाहायची सवय लावा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायची होती. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो.

टॅली बंद पडली की पेढी बंद

दुसरा मोठा धोका खंडणीचा. सकाळी संगणक लावला की सगळ्या फाइलींची नावे बदललेली, टॅलीचा डेटा उघडत नाही, आणि पडद्यावर चिठ्ठी: पैसे द्या, किल्ली देतो. यालाच रॅन्समवेअर म्हणतात. २१ मार्च २०२१ रोजी खुद्द महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे आपल्या एमआयडीसीच्याच, यंत्रणेवर असा हल्ला झाला आणि मुंबईच्या मुख्यालयासह प्रादेशिक कार्यालयांचे काम अडले. त्याआधी २७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनल संगणकी हल्ल्याने ठप्प झाले होते. त्या हल्ल्याचे मूळ आपल्याला शिकवणारे आहे: युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून विषाणू घुसला आणि जगभर पसरला. हिशेबाचा संगणक हा धंद्याचा सर्वांत नाजूक अवयव आहे, हे चोरांना कधीच कळले आहे.

तारखाही बघा. २१ मार्च २०२१ हा रविवार होता. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम काढली गेली ती ११ ऑगस्ट २०१८ पासून, आणि तो महिन्याचा दुसरा शनिवार होता, बँकांच्या सुट्टीचा. चोर सुट्ट्यांचे पंचांग पाहून येतो. दिवाळीत पेढी चार दिवस बंद ठेवताना सर्व्हर बंद करा आणि बॅकअपची डिस्क काढून घरी न्या. याला एक रुपयाही लागत नाही.

लहान पेढ्यांत हा विषाणू येतो कुठून? माझ्या मते सर्वांत धोक्याची खिडकी म्हणजे घरून टॅली पाहण्याची सोय. शेठला रात्री घरी, सीएला त्याच्या कार्यालयात उधारी पाहायची असते. मग संगणक दुरुस्तीवाला राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा थेट इंटरनेटवर उघडून देतो आणि पासवर्ड ठेवतो दुकानाचे नाव आणि एक-दोन-तीन. जगभर यंत्रे रात्रंदिवस असे उघडे दरवाजे ठोठावत फिरत असतात, त्यांना जालना कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. आपल्या संगणकवाल्याला सरळ विचारा: आपल्या राउटरवर रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ हे पोर्ट बाहेर उघडे आहे का? असेल तर आजच बंद करायला सांगा. घरून टॅली पाहायचीच असेल तर परवानाधारक टॅलीची स्वतःची सोय वापरा, किंवा व्हीपीएन बसवून घ्या. साधे व्हीपीएन चांगल्या राउटरमध्येच असते, बसवण्याची मजुरी हजार-दोन हजार.

दुसरी खिडकी चोरीची टॅली आणि चोरीचे विंडोज. क्रॅक म्हणून जी फाइल चालवली जाते, ती चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे पहारेकऱ्याला आपणच घरी पाठवतो. टॅलीचा एका संगणकाचा कायमचा परवाना साडेबावीस हजारांच्या आसपास आणि वर जीएसटी, वर्षाचे नूतनीकरण साडेचार हजारांच्या आसपास. ज्या पेढीची उलाढाल कोटीत आहे तिने ही रक्कम वाचवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी खिडकी मोबाइल. लग्नपत्रिका, वाहतूक चलन, पीएम किसानची यादी अशा नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते. ती उघडली की फोनवरचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात. ज्या फोनवर बँकेचे ओटीपी येतात तो फोन मुलांच्या हातात देऊ नका. शक्य असेल तर त्यासाठी वेगळा साधा, बटणांचा फोन ठेवा. दीड-दोन हजारांत येतो.

हिशेब

समजा, नवीन जालन्यात सळई आणि सिमेंटची पेढी आहे. चार संगणक, त्यातल्याच एकावर टॅलीचा डेटा. पहिल्या वर्षाचा खर्च असा पडेल. दोन टीबीच्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, प्रत्येकी सात हजार धरून चौदा हजार. धंद्यासाठीचा अँटिव्हायरस, संगणकामागे वर्षाला हजार, म्हणून चार हजार. पुण्यातल्या कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी उभी केलेली क्विक हील कंपनी याच धंद्यातली आहे, त्यामुळे मराठीत बोलणारा विक्रेता आणि दुरुस्तीवाला मिळायला अडचण नाही. स्वतःच्या नावाचा डोमेन आणि तीन मेलपेट्या मिळून वर्षाला तीन हजार. शंभर जीबीची क्लाउडवरची जागा तेराशे. आणि हे सगळे एकदा नीट लावून द्यायला जाणकाराची एका दिवसाची मजुरी चार हजार. बेरीज सव्वीस हजार तीनशे.

दुसऱ्या वर्षापासून डिस्क आणि मजुरी जाते, उरतात आठ हजार तीनशे. महिन्याला सातशे रुपयांच्या आत. यावर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट नोंदणीकृत व्यापाऱ्याला नियमाप्रमाणे मिळते, तेव्हा बिल फर्मच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घ्या. संगणकावर आयकरात चाळीस टक्के घसारा आहे, तोही सीएला विचारून घ्या.

डिस्क दोन का? एक लावलेली, एक काढलेली. विषाणू जोडलेली डिस्क संगणकासोबतच खाऊन टाकतो, बॅकअप घेऊनही रडायची वेळ येते ती यामुळेच. सोमवारी एक डिस्क, गुरुवारी दुसरी, आणि काम झाले की वायर ओढून कपाटात. एक प्रत पेढीबाहेर हवी, म्हणून ती क्लाउडची जागा, तिथे फाइलला पासवर्ड लावून ठेवा. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून मागच्या तारखेचा ताळेबंद जुळतो का ते पाहा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक.

फुकट मेलपेटीऐवजी स्वतःच्या नावाची का? माणूस सोडून गेला तर पेटी तुमच्याच ताब्यात राहते, आणि ग्राहकाला तुमचा खरा पत्ता ओळखता येतो. पेटी कुठलीही असो, दोन टप्प्यांची पडताळणी लावा. मोबाइलवरचे ऑथेंटिकेटर ॲप फुकट आहे. सगळ्या विकत गोष्टींपेक्षा या एका फुकट गोष्टीवर माझा जास्त विश्वास आहे.

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. आपला संगणक इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल आणि त्यात टीपीएम २.० ही सुरक्षा चिप असेल, तर विंडोज ११ फुकट चढते. नसेल तर मायक्रोसॉफ्ट कंपन्यांना वाढीव अपडेट विकते: पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, म्हणजे पाच हजारांच्या वर, आणि दरवर्षी दुप्पट. दहा वर्षांच्या जुन्या यंत्रावर हा पैसा घालू नका. टॅलीचा आणि बँकेचा संगणक आधी बदला, बाकीचे सवडीने. बिलिंगपुरता नवा संगणक पस्तीस-चाळीस हजारांत येतो.

भट्टी, रोलिंग मिल किंवा बियाणे प्रक्रियेच्या कारखान्याचे गणित वेगळे. पंचवीस संगणक, वजनकाटा, कॅमेरे आणि यंत्रे चालवणारी नियंत्रणे असतील तर फायरवॉल लागते, वर्गणीसह पहिल्या वर्षी साठ हजार ते लाख. कार्यालयाचे जाळे आणि यंत्रांचे जाळे वेगळे करून घ्या. बिलाच्या मेलमधून आलेला विषाणू भट्टीपर्यंत पोहोचता कामा नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतल्या संस्थेकडून वर्षातून एकदा तपासणी, पन्नास हजार ते दीड लाख. महिन्याला पंधरा-वीस हजारांचा संगणकाचा माणूस धरला तर वर्षाचा आकडा तीन ते पाच लाखांच्या घरात जातो. सर्ट-इनने २०२५ मध्ये लहान-मध्यम उद्योगांसाठी पंधरा मूलभूत नियंत्रणांची यादी काढली आहे, ती मोफत उतरवून घ्या आणि विक्रेत्यासमोर ठेवून विचारा, तुझ्या मालाने यातले काय काय भागते?

कॅमेऱ्यांबद्दल एवढेच, की चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचा कंपनीकडूनच आलेला पासवर्ड बदला. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली चित्रफीत २०२५ मध्ये बाहेर गेली, तिथला पासवर्ड कंपनीने दिलेलाच होता.

किरकोळ दुकानदाराला यातले फार थोडे लागते. सकाळी दुकान उघडताना क्यूआरवर कुणी दुसरे स्टिकर चिकटवले नाही ना, ते पाहायचे. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट मानायचा नाही, पैसे आल्याचे बोलून सांगणाऱ्या भोंग्याचा (साउंडबॉक्सचा) आवाज किंवा बँकेचा निरोप मानायचा. भोंग्याचे भाडे महिन्याला शंभर-सव्वाशे. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे गल्ल्यावर बसणाऱ्या पोराला पक्के सांगून ठेवा.

सायबर विमा मिळतो. पन्नास लाखांच्या संरक्षणाला हप्ता ढोबळमानाने पंधरा ते चाळीस हजार. पण सही करण्यापूर्वी एकच प्रश्न लेखी विचारा: आम्ही फसवणुकीने स्वतःच्या हाताने पैसे पाठवले तर भरपाई मिळेल का? बऱ्याच पॉलिसींत ते कलम वेगळे घ्यावे लागते. ते नसेल तर आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या धोक्याला तो विमा नाहीच. बॅकअप आणि दोन मंजुऱ्या नसलेल्या पेढीने विम्यावर खर्च करू नये.

झालेच तर

पैसे गेले असे कळले की पहिला फोन १९३० या सायबर मदतक्रमांकावर, दुसरा आपल्या बँकेला. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही भरता येते. चोर रक्कम काही तासांत पाच-पंचवीस खात्यांत वाटून टाकतो, म्हणून व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरचे खाते पटकन लिहून घ्या आणि लगेच फोन करा. नंतर जालन्याच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार आणि तिची पोच. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणारे व्यापारी आहेत, ते दोन दिवसच चोराचे भांडवल असतात. २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे. तुम्ही एकटे नाही.

बँक कधी भरून देते? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले तर लघुउद्योगाच्या चालू किंवा कॅश क्रेडिट खात्याला दहा हजारांची मर्यादा, इतर मोठ्या चालू खात्यांना पंचवीस हजारांची. पण ओटीपी तुम्ही दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. आणि खोट्या मेलला भुलून तुम्हीच आरटीजीएस केले असेल, तर या परिपत्रकाचा आधार सहसा मिळत नाही. म्हणून तो जुन्या नंबरावरचा फोन.

खंडणीची चिठ्ठी दिसली तर इंटरनेटची वायर काढा, वाय-फाय बंद करा, संगणक पुसू नका. पैसे दिल्यावर किल्ली मिळतेच असे नाही. डेटा हमखास सोडवून देतो म्हणणारा मध्यस्थही कधी कधी मागच्या दाराने चोरालाच पैसे पोचवतो. युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही विषाणूंच्या किल्ल्या मोफत आहेत, आधी तिथे पाहा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे, त्यांचा निःशुल्क क्रमांक १८००-११-४९४९.

आणखी एक. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या एका सेवा कंपनीवर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे तीनशे सहकारी व ग्रामीण बँकांचे यूपीआय-एटीएमचे व्यवहार तात्पुरते तुटले. आपले सगळे व्यवहार एकाच लहान बँकेत असतील, तर मजुरांच्या पगारापुरती रक्कम दुसऱ्या बँकेत ठेवा.

आज संध्याकाळी दुकान वाढवण्यापूर्वी तीन कामे करा. पुरवठादारांचे फोन नंबर जुन्या वहीतून एका कागदावर उतरवून काढा. बँकेच्या ॲपमध्ये लाभार्थ्याचे नाव दिसते का ते पाहा. आणि बॅकअपची डिस्क संगणकाला लावलेली असेल, तर ती काढा.